काकांचा उंचवटा

मनीमाजऱ्यातल्या त्या घरात मी पहिल्या दिवशी पहिली चूक केली ती खुर्ची सरकवण्याची. बॅग ठेवायला जागा हवी होती, म्हणून दारामागची वेताची खुर्ची हातभर बाजूला केली. घरमालक काका चहा घेऊन आले, दारातच थांबले आणि कप हातातच ठेवून म्हणाले, "ते खुर्ची पहिले जागेवर ठेव. मंग चहा."

मी खाली पाहिलं. फरशीवर पांढऱ्या रंगाचे चार ठिपके होते, खुर्चीच्या चार पायांचे. मी खुर्ची त्यांच्यावर नेऊन ठेवली. मग चहा मिळाला, आणि चहा चांगला होता हे कबूल करायला हवं.

हळूहळू कळलं की त्या घरात प्रत्येक वस्तूला असा ठिपका किंवा रेघ आहे. तांदळाच्या डब्याखाली गोल, गॅसच्या सिलिंडरखाली गोल, चपलांसाठी चपलेच्या आकाराच्या रेघा. झाडूला भिंतीवर खिळा, आणि खिळ्याखाली झाडूचंच चित्र. कारखान्यात पान्यांच्या फळीवर पान्याचा आकार रंगवलेला असतो, तशातला प्रकार. काकांचं अख्खं आयुष्य चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं होतं, तेव्हा ही खोड तिथूनच घरी आली असणार असं मला वाटलं. त्यात लग्न केलेलं नाही. मी आईला फोनवर सांगितलं, म्हातारा सज्जन आहे पण थोडा चक्रम आहे.

मी सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत संशोधन करत होते. मूळची सांगलीकडची. काका काटोलकडचे. चंदीगडमध्ये मराठी बोलणारं माणूस भेटलं की आधी आनंद होतो आणि मग कळतं की आपली मराठी आणि त्यांची मराठी यांच्यामध्ये बराच मोठा महाराष्ट्र आहे. मी "काय करताय?" विचारायची, ते "बसून राहिलो" म्हणायचे. मी भांडी घासायला घेतली की मागून आवाज यायचा, "काय वं, ते कढई तिकडे कायले ठेवून राहिली?"

माझ्या खोलीतला पलंगही चार ठिपक्यांवर होता, आणि नेमका अशा भिंतीला की हिवाळ्यातलं दुपारचं ऊन समोरच्या कोपऱ्यात पडायचं आणि मी इकडे गोधडीत काकडत पडायची. पलंग खिडकीपाशी घेऊ का, असं मी किती वेळा विचारलं असेल! उत्तर ठरलेलं असायचं.

"जागा हालली का वस्तू मुकी होते."

"काका, पलंग आधीही बोलत नव्हता."

"तुले ऐकू येत नसन."

रविवारी सकाळी ते पाटवड्यांचा रस्सा करायचे, भातावर घेऊन खायचे आणि स्कूटर बाहेर काढायचे. स्कूटरला चार लोखंडी सळया बांधलेल्या असत, आमच्याकडे पोरं सायकलला ऊस बांधतात तशा. शिवाय वायरचं भेंडोळं आणि त्यांनी स्वतः बनवलेली एक पेटी. शेतात सळया ओळीनं रोवायच्या, पेटीतली वीज जमिनीत सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते काट्यावर वाचायचं. ओली माती वीज सहज जाऊ देते, दगड अडवतो. म्हणजे न खणता पोटात काय आहे त्याचा अंदाज येतो. डॉक्टर पोटावर बोटं ठोकून बघतात, तसंच, असं ते सांगायचे.

शोधायचे काय, तर थडगी. फार जुनी, लिहिणं-वाचणं येण्याआधीच्या माणसांची. "आमच्या नागपूरच्या चहूकडे शेतात दगडाची वर्तुळं आहेत," ते सांगायचे. "मधात मातीचा उंचवटा, भोवताल धोंडे, अन् खाली माणूस. कोणाकोणासंगं त्याचा घोडासुदिक. पऱ्हाटी, म्हणजे तुमचा कापूस, पेरतात लोक भोवताल. इकडे पंजाबात नसन असं कायले समजायचं?"

पंजाबच्या शेतात उंचवटे आहेतच. जुनी गावं मोडून झालेल्या टेकाडांना तिकडे थेह म्हणतात. दर वर्षी नांगर त्यांच्या कडा थोड्या थोड्या खातो आणि कुणाला भरावाला माती लागली की जेसीबी येऊन उरलेलं नेतो. काका ते शोधत फिरायचे. सपाट गव्हात कुठं जमीन वर आलेली दिसली की स्कूटर थांबलीच. "सपाट शेत आपणहून वर येत नाही," ते म्हणायचे. "कोणीतरी काहीतरी केलं असन."

चंदीगड त्यांना एका बाबतीत फार आवडायचं, सगळ्याला नंबर होता म्हणून. पण राहायला त्यांनी मनीमाजराच धरलं होतं, वाकड्या गल्ल्यांचं, जुन्या बाजाराचं. कारण विचारलं तर म्हणायचे, "सेक्टरात रस्ता आधी आला, माणूस मागून. इथं माणूस आधी होता." मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती कुतूहलानं वगैरे नाही. रविवारी खोलीत थंडी वाजायची आणि शेतात ऊन असायचं, एवढंच.

चंदीगडजवळच्या खरडच्या पुढं एका गावात त्यांना तो उंचवटा सापडला. गव्हाच्या शेताच्या कोपऱ्यात, माणसाच्या उंचीचा, छान गोल. माथ्यावर विटांचा एक छोटा कोनाडा आणि त्यात तेलाचे डाग. शेजारी जमीन थोडी खोल गेलेली. शेतमालक एक मध्यमवयीन सरदारजी होते आणि त्यांची आई, जिला सगळं गाव बीजी म्हणायचं, बांधावर खाट टाकून बसलेली असायची. काकांनी आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "बीजी, ये कितना पुराना है?"

"बोत पुराना, पुत्तर," बीजी म्हणाली. "साडे वड्डियां दा."

साडे वड्डे म्हणजे आमचे वाडवडील. काकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची भीती वाटली. कोनाडा पाहून ते जराही बिचकले नाहीत. आमच्याकडेही वर्तुळातल्या धोंड्याला शेंदूर लावतात, म्हणाले, लोकांना कळत नाही पण जागा आठवते.

मग त्या हिवाळ्यातले सगळे रविवार आमचे तिथंच गेले. सळया रोवा, काटा वाचा, दोन पावलं सरका, परत रोवा. उंचवट्याच्या कडेकडेनं काटा वर जात होता, म्हणजे खाली गोलाकार काहीतरी टणक होतं. काकांनी नकाशा काढला. टणक गोल म्हणजे दगडांचं वर्तुळ. शेजारची खोलगट जागा म्हणजे थडग्याभोवती खणलेला खंदक. काटोलचं अख्खं शिवार खरडला येऊन बसलं होतं. बीजी आम्हाला लस्सी द्यायची. काका आंबट ताक पिणारे, पण तो पेलाभर गोड मलईचा गोळा ते निमूट संपवायचे.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की गावचा रस्ता रुंद होणार आणि उंचवटा त्यात जाणार. सरदारजी बातमी घेऊन थेट मनीमाजऱ्याला आले. त्यांनाही खुर्ची सरकवल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांनी हात जोडले. "साब, आप लिख दो. आप साइंटिस्ट हो. सरकारी जगह बन जाए तो सड़क घूम के जाएगी."

काकांनी लिहिलं. नकाशा, आकडे, सगळं जोडून पुरातत्त्वाच्या कार्यालयात पाठवलं. दिवाळीनंतर अधिकारी पाहायला येतील असं उत्तर आलं. त्या बातमीनंतर आम्ही गावात गेलो तर लस्सीवर लोण्याचा आणखी एक गोळा होता. अख्ख्या कुटुंबाचा जीव आता काकांच्या त्या कागदावर टांगलेला होता, आणि काकांना त्याचा अभिमान वाटत होता हे त्यांच्या चालण्यात दिसायचं.

त्या वर्षी मला दिवाळीला घरी जायचं तिकीट मिळालं नाही. काका म्हणाले, चल, साहेब यायच्या आत एक रेघ पुन्हा मोजून घेऊ, सुट्टी आहे, शेतात कोणी नसन.

शेतात जत्रा भरली होती. बांधाला गाड्या लागल्या होत्या, लुधियानाच्या, दिल्लीच्या. नव्या कपड्यांतल्या बायका डोक्यावर ओढणी घेऊन त्या खोलगट जागेत उतरत होत्या. खुरप्यानं माती काढायच्या, ओंजळीत घेऊन वर यायच्या आणि उंचवट्यावर टाकून हात जोडायच्या. मग पुरुष, मग पोरं. पोरांचा मातीपेक्षा बुंदीवर डोळा होता. काका सळया खांद्यावर घेऊन बांधावर उभे राहिले.

"बीजी, ये क्या कर रहे लोग?"

"मिट्टी कड्ढदे आं, पुत्तर. हर दिवाळी. वड्डियां दे नां दी." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं सावकाश, पाहुण्याला सांगावं तसं हिंदीत सांगितलं. आपल्या वंशाच्या मूळ पुरुषाची, बाबाची, ही जागा. त्याच्या लेकरांनी वर्षातून एकदा यायचं आणि आपल्या हातानं थोडी माती घालायची. त्यातूनच ही एवढी झाली.

"खाली कोणी नाही? नीचे?"

"नीचे मिट्टी."

"अन् वो गोल? कडेनं?"

सरदारजी हसले. त्यांच्या वडलांनी कडेनं विटा पुरल्या होत्या, ट्रॅक्टरचा नांगर आत जाऊ नये म्हणून.

आमच्यापासून कुणी काही लपवलं नव्हतं. काकांनी सगळं विचारलं होतं, फक्त हे कुणी केलं एवढं विचारलं नव्हतं. तो खंदक म्हणजे माती काढून काढून झालेला खड्डा होता आणि ती माती समोर रचलेली होती. एका काकूनं माझ्या हातात खुरपं दिलं. काकांनी मान हलवून मला नको म्हणून खुणावलं आणि स्कूटरकडे चालायला लागले. मनीमाजऱ्याच्या फाटकापाशी गाडी जायची वाट पाहत थांबलो तेव्हा कुठं बोलले.

"माप बरोबर होतं," ते म्हणाले. "मीच चुकलो."

दुसऱ्या दिवशी सरदारजी आले. या खेपेस खुर्चीला हात न लावता उभेच राहिले. काका आता सगळं खरं सांगणार याची त्यांना कुणकुण लागली होती. "साब, आपको झूठ थोड़े बोलना है. पुराना ही तो बोलना है. पुराना तो है."

काकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. ते गेल्यावर मीच तोंड सोडलं. मला राग आला होता आणि तो मी गिळला नाही. म्हटलं, काका, गप्प बसायचं आहे फक्त. अधिकारी येतील, नकाशा बघतील, ठरवतील काय ते. तुमच्या खरेपणापायी त्या बाईचे पूर्वज डांबराखाली जाणार. थडगं नसलं म्हणून काय झालं, त्यांचे वाडवडील आहेत ना?

"आहेत," ते म्हणाले. "पण मी लिवलं ते नाहीत."

"मग काय मोठं बिघडलं?"

तेव्हा ते मला बस म्हणाले आणि त्यांनी आपल्या शेताची गोष्ट सांगितली. काटोलला त्यांच्या शेतात असं एक वर्तुळ होतं, खरंखुरं. ते लहान असताना वडलांनी संत्र्याची बाग लावायला काढली. धोंडे उपटून विहिरीच्या बांधकामाला वापरले आणि उंचवटा सपाट केला. भावंडांबरोबर काकाही दगड ओढत होते, फार मजा आली म्हणाले. त्यात त्यांना लोखंडाचं एक कडं सापडलं, गंजलेलं, लहान मनगटाचं. ते त्यांनी कपाटात जपून ठेवलं. पुढं कधीतरी संग्रहालयाचे एक साहेब गावात आले तेव्हा काकांनी पळत जाऊन त्यांना ते दाखवलं. साहेबांनी ते फार हळू हातात घेतलं आणि विचारलं, बाळ, हे कुठं होतं? नेमकं कुठं? कशाच्या शेजारी? काकांनी त्यांना बागेत नेलं. सगळीकडे सारखी आळी, सारखी रोपं. त्यांना सांगता येईना. वडलांनाही येईना.

"साहेब म्हणाले, आता हे नुसतं लोखंड आहे. रागावले नाहीत. तसंच म्हणाले." काकांनी आपल्याच मनगटाभोवती बोटं वेढली. "मनगट केवढंसं होतं वं त्याचं. लेकरू असन. मी एका लेकराची जागा पुसली. आता खोटी जागा लिहू?"

मी घरभर पाहिलं. ठिपके, रेघा, गोल. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

अधिकारी आले त्या दिवशी काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांना सगळं सांगून टाकलं. विटा, खड्डा, दिवाळी. तो भला माणूस होता, त्यानं ऐकून घेतलं, उंचवट्याला एक फेरी मारून नमस्कार केला आणि गेला. सरदारजी तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभे होते. बीजी खाटेवर होती, पण आम्हाला कुणी थांबा म्हणालं नाही. त्या दिवशी लस्सीही आली नाही.

त्यानंतर काका बसले ते बसलेच. रविवारी पाटवड्या नाहीत, सळया जिन्याखाली त्यांच्या रेघेवर पडून. एकदा तर तांदळाचा डबा गोलाच्या बाहेर होता आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. मी तो गुपचूप आत सरकवला. मलाच बघवेना.

गहू वीतभर वर आले असतील तेव्हा बीजीचा फोन आला, काकांना नाही, मला. रविवारी या म्हणाली. आम्ही बाबाला नेतोय.

काका यायला तयार नव्हते. "नेतोय म्हणजे? जागा हालली का..." एवढंच म्हणाले आणि पुढचं गिळलं. मी हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. स्कूटर मी चालवली. त्यांनी मला ती कधीही चालवू दिली नव्हती.

उंचवट्यापासून मागच्या ट्यूबवेलपर्यंत माणसांची रांग लागली होती. सगळी लुधियानाची, दिल्लीची, गावातली मंडळी. लोखंडी घमेल्यांतून माती हातोहात पुढं जात होती. कोपऱ्यात शेजाऱ्याची ट्रॉली उभी होती, एका खेपेत सगळं नेलं असतं, पण तिला कुणी हात लावत नव्हतं. हातानं घातलेली आहे, हातानंच जाणार. ट्यूबवेलपाशी नवा ढीग दिसायला लागला होता, अजून बसक्या भाकरीएवढा.

काका बीजीच्या खाटेपाशी गेले आणि त्यांना जमेल तशा हिंदीत म्हणाले की माझ्यामुळं हे झालं, माफ करा, आता याची जागा गेली.

बीजीनं त्यांना खाटेवर बसवलं. "पुत्तर, जगह तो पहले ही गई थी," ती म्हणाली. मग सांगितलं. फाळणीत ही मंडळी लाहोरच्या बाजूनं आली. तिकडच्या गावात बाबाची मूळ जागा होती, किती पिढ्यांची कुणास ठाऊक. निघताना तिच्या सासऱ्यानं पगडीच्या टोकात मूठभर माती बांधली. या शेतात आल्यावर आधी ती मूठ ठेवली आणि मग घर बांधलं. "हम मुट्ठी लाए थे. बाबा पूरा आ गया."

काकांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला असावा. "म्हणजे हा माझ्यापेक्षा थोडकाच मोठा," ते मला म्हणाले आणि त्यांना हसू आलं. आम्ही हजारो वर्षांपूर्वीचा म्हणून ज्याच्या पोटाला सळया लावत होतो तो त्यांच्याच वयाचा निघाला. ते बराच वेळ हसत होते आणि डोळे पुसत होते. मग उठले, बाह्या वर केल्या आणि रांगेत शिरले. सरदारजींनी बाजूला सरकून जागा दिली, त्यांच्याकडे न बघता, आणि पहिलं घमेलं त्यांच्या हातात दिलं. दुपारपर्यंत काका रांगेत होते. दुपारी लस्सी आली.

त्याच हिवाळ्यात ते काटोलला गेले. कितीतरी वर्षांनी. शेत आता पुतण्याकडे होतं, झाडं म्हातारी झालेली. परत आले ते एक स्टीलचा डबा मांडीवर घेऊन. नेमकी जागा आजही कळत नव्हती, म्हणून त्यांनी बागेतल्या प्रत्येक झाडाखालची चिमूट चिमूट माती आणली होती. "कुठंतरी असनच ना त्यात," म्हणाले. गच्चीवरच्या एका कुंडीत त्यांनी ती ओतली आणि हातानं गोल थापली. मी खडू आणायला वळले, कुंडीभोवती गोल काढतील म्हणून. ते म्हणाले, राहू दे.

आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "तो पलंग घे तिकडे खिडकीपाशी. ऊन येते."

काका जाऊन आता काही वर्षं झाली. पुतण्या येऊन घर विकून गेला. खुर्ची, डबे, सगळं एका टेम्पोत चढलं, फरशीवर नुसते ठिपके राहिले. त्यानं मला विचारलं, तुम्हाला काही हवं का. मी कुंडी मागितली.

माझं लग्न होऊन मी इकडे मोहालीला आले, कुंडी बाल्कनीत आहे. दिवाळीला सकाळी मी खालच्या बागेतून दोन मुठी माती आणून तिच्यात घालते, एक काकांच्या नावाची आणि एक त्या लहान मनगटाच्या लेकराच्या. मग खरडच्या पुढं जाऊन येते. तिथला ट्यूबवेलजवळचा उंचवटा आता पुन्हा माणसाच्या उंचीचा झाला आहे.

परवा शेजारची आंटी बाल्कनीत डोकावली. तिला झाडांची फार आवड. "पौधा तो कोई है नहीं," ती म्हणाली, "मिट्टी ही मिट्टी भर रखी है. बदल लो जी, पुरानी हो गई होगी. कितनी पुरानी है?"

"बहुत पुरानी है जी," मी म्हटलं. "हमारे बड़ों की."